भार्गव साठघरे यांना श्रद्धांजली

सुरतेतल्या आमच्या मराठी मंडळात कुणी कलावंत गेल्याची बातमी आली की पुढच्या रविवारी संध्याकाळी पाचला सभा ठरलेली. नट असो, लेखक असो, गाणारा असो. पर्वत पाटियाच्या चौकात साड्यांच्या दुकानावर मंडळाची खोली आहे. पस्तीस खुर्च्या, दोन पंखे, एक टेबल. खाली पार्सलवाल्यांचा आरडाओरडा चालू असतो, तो खिडकी लावली तरी वर येतो. चेतनचं कापडावर छपाई करायचं युनिट आहे, त्यामुळे गेलेल्या माणसाचा फोटो आम्ही कागदावर काढत नाही. चेतन तो साडीच्या उरलेल्या कापडावर छापून आणतो आणि भिंतीला टाचण्यांनी लावतो. पंख्याच्या वाऱ्याने कापड हलतं आणि गेलेल्याच्या चेहऱ्यावर उगीचच भाव येतात. इतक्या वर्षांत आम्हाला त्याची सवय झाली होती.

सभेचा नियम एकच. प्रत्येकाने स्वतःची आठवण सांगायची, वाचलेली किंवा ऐकलेली चालणार नाही. मंडळ काढणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, पण या नियमाने आमच्या माणसांची पार वाट लावली. सुरतेत राहून, अख्खा दिवस शाळेत, ऑफिसात नाहीतर कापडाच्या लूमवर घालवून कुणाला कुठला मोठा नट भेटणार? आणि आठवण नाही म्हणायची लाज वाटते. मग लोक थापा मारतात. साध्यासुध्या नव्हेत, चांगल्या लोणकढ्या. मी, अविनाश, मंडळाचा चिटणीस. त्या सगळ्या थापा वहीत नीट उतरवून घेणं हे माझं काम. चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी, चुकलेली तारीख मला खपत नाही.

फेब्रुवारीत एका गायिकेच्या सभेत रघुनाथरावांनी हद्द केली. हे निवृत्त मुख्याध्यापक. बाईंना म्हणे यांनी अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यात स्वतःच्या स्कूटरवरून स्टेशनला सोडलं होतं. यांनी स्कूटर घेतली एक्क्याण्णव साली. पेढे मी स्वतः खाल्लेत. डोक्यात तिडीक गेली, पण सभेत बोललो नाही. घरी येऊन शकुंतलेपुढे, म्हणजे बायकोपुढे, तास दीड तास धुसफुसलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिने जन्मभर म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत पोरं सांभाळली आहेत, माझ्या धुसफुशीचं तिला काही वाटत नाही. ती म्हणाली, "जाणाऱ्याला चार माणसांची सोबत लागते हो. खरी का खोटी, कोण बघतं?"

मी बघतो, असं म्हणून मी त्याच आठवड्यात यांची खोड मोडायचं ठरवलं.

गवार मोडता मोडता मी एक नाव तयार केलं. भार्गव साठघरे. ज्येष्ठ रंगकर्मी, चरित्र अभिनेते. असा माणूस कधी झाला नाही याची मी नीट खात्री करून घेतली, इंटरनेटवर पाहिलं, पुण्याच्या दोन नाटकवेड्या मित्रांना विचारलं. मग गुरुवारी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला की अल्पशा आजाराने त्यांचं निधन झालं, रविवारी सभा आहे, आणि शेवटी माझं नेहमीचं वाक्य: सुरतेशी त्यांचा जुना ऋणानुबंध होता. पाच मिनिटांत हात जोडल्याची चाळीस चित्रं आली. मी स्वयंपाकघरात एकटाच हसत बसलो होतो. रविवारी सगळ्यांच्या आठवणी सांगून झाल्या की उभं राहायचं आणि सांगायचं की हा माणूस मी गुरुवारी जन्माला घातला. मग बघू कोण वर तोंड करून बोलतं ते.

चेतन फोटो शोधायला जाईल, त्याला काही सापडणार नाही, मग तो मला फोन करेल, असं मी धरून चाललो होतो. त्याचा फोन आला नाही. रविवारी पोचलो तर भिंतीवर कापड लावलेलं होतं. पन्नाशीचा माणूस, पांढरा सदरा, दाट केस, मान खाली घातलेली. डोळे दिसत नव्हते. चेतनला विचारलं, हा कुठून काढलास? तो म्हणाला, नेटवर पहिलाच आला काका. मी तिथल्या तिथे फोनवर शोधलं. एकही फोटो नव्हता. चेतनने छपाईनंतर फाइल नेहमीप्रमाणे पुसून टाकली होती. कुणाच्या तरी काकाचा फोटो उचलला असेल याने, असं मनाशी म्हणून मी वही उघडली.

पहिले अर्थातच रघुनाथराव उठले. दोन हजार सहाच्या पुरात साठघरे इथेच अडकले होते, ते म्हणाले. नाटकाचा दौरा होता, प्रयोग रद्द झाला, बाकीची मंडळी आदल्या दिवशी निघाली आणि हे अडाजण भागात कुणाकडे तरी राहिले. डाव्या पायाने किंचित लंगडत. अंगाला कापराचा वास यायचा, डासांसाठी खिशात कापूर ठेवत म्हणून.

मी लिहीत होतो आणि मनात म्हणत होतो, वा रघुनाथराव, कापूर चांगला घातलात.

पुराचं नाव काढलं की आमच्याकडे सगळे गप्प होतात. मीही होतो. तेव्हा आम्ही अडाजणला तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. माझी नेमणूक बारडोली शाखेत होती, रोज जाऊन येऊन. तापीचं पाणी शहरात शिरलं त्या दिवशी शकुंतला सकाळीच नदीपलीकडे शाळेत गेलेली, पूल बंद झाले आणि ती तिकडेच अडकली. सहा वर्षांची रश्मी शेजारच्या शोभाबाईंकडे होती. मी बारडोलीहून दुपारी मिळेल त्या एसटीने निघालो, पुढे चालत, पुढे पाण्यातून घरी आलो. शोभाबाईंना त्यांचा मुलगा पाठीवर घेऊन गेला होता. रश्मीला दुसऱ्या खेपेला नेणार होता, पण पाण्याने दुसरी खेप होऊ दिली नाही. पोरगी आमच्या घरात परत आलेली, शिवणयंत्रावर एकटी उभी होती. तिला खांद्यावर घेऊन मी छातीभर पाण्यातून गल्लीच्या टोकाच्या चार मजली इमारतीपर्यंत गेलो. मी आयुष्यात फार काही केलेलं नाही. वेळेवर हजर झालो, सह्या केल्या, निवृत्त झालो. हे एवढं मात्र केलं. कुणाला सांगत नाही, पण आरशात बघताना कधीकधी आठवतं आणि बरं वाटतं.

रघुनाथरावांनंतर गोडादरा भागातले सुकदेव उठले. लूमवर मुकादम आहेत, कधी फार बोलत नाहीत. पुरात अन्नाची पाकिटं वाटायला ते ट्रॅक्टरवरून अडाजणला गेले होते. एका इमारतीच्या जिन्यात एक नाटकवाले बसलेले, मान खाली, पाय लंगडा. "त्या पाण्याच्या घाणीतपण कापराचा वास येत होता," ते म्हणाले. मी लिहायचा थांबलो. सुकदेव उशिरा आले होते. रघुनाथराव बोलत होते तेव्हा ते खाली चौकात गाडी लावत होते. मी खिडकीतून पाहिलं होतं.

मग धनश्री बोलली, ही तेव्हा दहा वर्षांची होती. तिलाही लंगडणारे काका आठवत होते. वर बघतच नव्हते, ती म्हणाली.

आणि मग सुभद्राबाई उठल्या. गोडादऱ्याहून दर सभेला हार घेऊन येतात, बोलत कधीच नाहीत. पुराच्या साली त्यांचे मालक राघो अडाजणच्या त्या चार मजली इमारतीत वॉचमन होते. हे मला माहीत नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला आणि फोटोकडे न बघता त्यांच्या अहिराणीत सांगितलं, "तेस्नी एक पोरले खांदावर लई येल व्हतं. तिसरा मजलापावत चढनात. पोरले खाली ठेवी आनि मन्हा हातनी भाकर खादी. माले आजबी याद शे."

वहीत शाईचा डाग पडला.

आता उभं राहायचं होतं. सगळं उघड करायची वेळ हीच होती. मी खुर्ची मागे सरकवली तोवर माझ्या शेजारून शकुंतला उठली. तिचे डोळे भरले होते. तिने सुभद्राबाईंना हात जोडले आणि सभेला सांगितलं की ती मुलगी आमची रश्मी होती. त्यांचं नाव आम्हाला कधी कळलं नाही, आज कळलं, पण फार उशीर झाला.

मी बसून राहिलो. दोन मिनिटं शांतता झाली, तेव्हा मात्र सगळ्यांबरोबर उभा राहिलो.

घरी येऊन दार लावल्यावर शकुंतलेला सगळं सांगितलं. गवार, निरोप, रघुनाथरावांची स्कूटर. साठघरे नावाचा माणूसच नाही आणि रश्मीला मी आणलं, हेही सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. ती रागावली नाही. तिने मला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"अहो, तुम्ही तर बारडोलीला होतात," ती म्हणाली.

मी म्हटलं होतो, पण दुपारी निघालो. ती म्हणाली, तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, दुधाच्या ट्रकमधून, हातात पावाच्या लाद्या होत्या. पोरीला पाण्यातून आणायला आपण नव्हतो म्हणून तुम्ही तिला जवळ घेऊन ढसाढसा रडलात. आपण त्यावर पुन्हा कधी बोललो नाही, तुम्हाला त्रास होतो म्हणून. एवढं बोलून ती भाताचा कुकर लावायला गेली.

रश्मी वडोदऱ्याला नोकरी करते. तिला फोन लावला आणि जमेल तेवढ्या सहज आवाजात विचारलं की पुरात तुला कोणी उचललं होतं? ती थोडी गोंधळली. म्हणाली, बाबा, ते कोण होते माहीत नाही ना आपल्याला. मला त्यांचे फक्त केस दिसत होते, वरून. आता आईचा मेसेज आला, नाव कळलं. सभेत लावलेल्या कापडाचा फोटो ग्रुपवर बघितला. तेच केस आहेत.

मी आरशासमोर गेलो. मला चाळिशीपासून टक्कल आहे. पुराच्या साली मी पंचेचाळीसचा होतो.

असल्या गोष्टींना मी घाबरत नाही. कुठेतरी चूक असते, ती शोधायची असते. सोमवारी बारडोलीला योगराजला फोन केला. तो आमच्या शाखेत शिपाई होता, त्याची स्मरणशक्ती पक्की आहे, कुठल्या साहेबाला किती साखर लागायची ते आजही सांगेल. त्याने क्षणभरही विचार केला नाही. "साहेब, तीन दिवस तुम्ही शाखेतच होतात. टेबलं जोडून झोपलात. घरचा फोन लागत नव्हता, तुम्ही जेवत नव्हतात."

फोन ठेवला आणि मला टेबल आठवलं. दोन टेबलांच्या मधली फट पाठीला लागत होती. साखर कारखान्याच्या बाजूने मळीचा आंबूस वास येत होता. हे मला नुसतं सांगितलेलं नव्हतं, मला ते आठवत होतं. आणि छातीला लागलेलं गार पाणीही आठवत होतं, छातीवर आपटणाऱ्या रश्मीच्या टाचाही आठवत होत्या. दोन्ही सारखंच स्पष्ट. मी कागद घेतला, मध्ये उभी रेघ मारली आणि दोन्हीकडे लिहायला लागलो. उजव्या बाजूला, बारडोलीच्या, साक्षीदार जमत गेले. डाव्या बाजूला एकटा मी होतो. दुसऱ्या दिवशी कागद पुन्हा काढला तर डाव्या बाजूच्या दोन ओळी मला कळेनात. अक्षर माझंच होतं. "कठड्याला धरून" असं लिहिलं होतं. कुठला कठडा, ते काही केल्या आठवेना.

मला भीती वाटली ती तेव्हा. माझी एकच गोष्ट होती, आणि ती मीच एका बनावट माणसाच्या स्वाधीन केली होती. ती परत घ्यायलाच हवी होती, आणि लवकर.

मंडळाने महिन्याच्या दिवशी स्मरणसभा ठेवली. एरवी आम्ही असं करत नाही, पण गोडादऱ्याच्या बायकांनी आग्रह धरला. रश्मी खास वडोदऱ्याहून आली. मी खिशात कागद घेऊन गेलो. त्यावर सगळं लिहिलं होतं: नाव मी तयार केलं, निरोप मी टाकला, जो माणूस नव्हता त्याने कुणालाही उचललेलं नाही. माफीची दोन वाक्यंही होती.

खोली भरून लोक जिन्यात उभे होते. चेतनने कापड पुन्हा लावलं होतं. पंखा चालू होता, तरी या वेळी ते हलत नव्हतं. मी टाचण्या पाहून आलो. वरच्या दोनच होत्या.

आधी रश्मी बोलली. बोलताना मध्येच ती गुजरातीत जाते, पुन्हा मराठीत येते. एकोणीस वर्षं मला एका माणसाला थँक्यू म्हणायचं होतं, ती म्हणाली. घरात पाणी आलं, मी मशीनवर चढले, खूप ओरडले, कुणी आलं नाही. मग दारातून ते आले. मला पूर येतो तशी स्वप्नं पडतात, अजून पडतात, पण त्या स्वप्नात ते दरवेळी येतात, म्हणून मी झोपू शकते. बोलून झाल्यावर ती हसली. इतकं मोकळं मी तिला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. शकुंतलेने तिचा हात धरला.

मग माझं नाव पुकारलं.

मी उभा राहिलो. कागद काढला, उलगडला.

तो माणूस नव्हताच, हे मी आता सांगणार होतो. त्याच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला तसा माझ्यावरही ठेवतील. चिटणीस खोटं लिहीत नाही. आणि मी बारडोलीला होतो, हे तर सगळे आधीच सांगत होते. टेबलं जोडून झोपलो होतो.

मग त्या दारातून कोण आलं?

मी रश्मीकडे बघितलं. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. मला वाटलं, तिच्या पायाखाली जमीन आहे की अजून ते शिवणयंत्रच आहे? त्याला मी काढून घेतलं, तर त्या पाण्यात तिच्याखाली कुणीच उरत नव्हतं.

कागदाची घडी घातली. खिशात ठेवली.

रेघ मारलेल्या त्या पहिल्या कागदावर डाव्या बाजूची एक गोष्ट मी लिहिली नव्हती. ती फार लहान होती म्हणून राहून गेली होती. तीच आता सांगितली. म्हटलं, साठघरे मोठे माणूस होते. पाण्यात पोरगी रडायला लागली तेव्हा ते तिला म्हणाले, तू ड्रायव्हर, माझे कान धर. डावीकडे वळायचं तर डावा कान ओढ, उजवीकडे तर उजवा. पोरगी रडायची थांबली. अख्खी गल्ली तिने गाडी चालवली, आणि वीजमंडळाच्या खांबापाशी जोरात ब्रेक मारला.

सांगत असताना मला माझे कान दुखल्याचं आठवत होतं. वाक्य संपलं आणि ते दुखणं गेलं. कान नुसतेच कान राहिले.

सभा संपल्यावर रश्मी माझ्याजवळ आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा, ते कानांचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलापण नाही. तुम्हाला कसं माहीत?"

मी म्हटलं, त्यांनीच सांगितलं.

"कधी?"

"दुसऱ्या दिवशी. बारडोलीला आले होते. मुलगी सुखरूप आहे, काळजी करू नका, हे सांगायला."

तिने मान हलवली. तिला ते पटलं. ती माझ्या गळ्यात पडली आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

थाप होती ती. आठवण म्हणून मारलेली माझ्या आयुष्यातली पहिली. पण बोललो आणि मला आठवायला लागलं. दुपारची वेळ होती. रस्ते बंद होते, शाखेत कुणीच येत नव्हतं. ते दारातून लंगडत आत आले, माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत मान खाली घालून बसले. छातीपर्यंत ओले होते. गेले तेव्हा मी त्यांचं नाव विचारायचं विसरलो. ती खुर्ची योगराजने नंतर दोन दिवस उन्हात ठेवली होती.